हिवतापाच्या परजीवींतील औषधरोध

हिवतापाचा परजीवी औषधाला ‘सरावतो’, असे आपण सहज बोलून जातो. हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी शास्त्रदृष्ट्या दिशाभूल करणारा आहे. एकेकटा परजीवी काहीच शिकत नाही. त्यांच्या समुदायातील निरनिराळ्या वाणांचे परस्परप्रमाण तेवढे बदलते. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. औषध मागे घेतल्यास काय घडेल, या प्रश्नाचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात क्लोरोक्विनच्या उदाहरणाने त्याचा विचार करावयाचा आहे.

प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरून तेथील हीमोग्लोबिन आपल्या पचनपुटिकेत पचवितो. त्यातून सुटणारा हीम हा लोहयुक्त घटक त्याला विषारी असल्याने तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवितो. क्लोरोक्विन पुटिकेत साठून नेमकी हीच क्रिया रोखते. रोधक वाणात पुटिकेच्या आवरणातील एक वाहक प्रथिन बदललेले असते. त्यात ७६ व्या स्थानी लायसीनऐवजी थ्रिओनीन येणे हा निर्णायक बदल होय. असे प्रथिन क्लोरोक्विनला पुटिकेबाहेर काढते. त्याचे जनुक सातव्या गुणसूत्रावर असल्याचे २००० साली निश्चित झाले.

हा रोध १९५०-६० या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर व कोलंबियात दिसून आला. भारतात त्याची पहिली नोंद १९७३ साली आसामातून झाली. त्या दशकाच्या अखेरीस तो पूर्व आफ्रिकेत पोहोचला.

मलावीने १९९३ साली क्लोरोक्विनचा वापर थांबविला. तेथे १९९२ साली ८५ टक्के असलेले रोधक जनुकाचे प्रमाण २००० साली १३ टक्क्यांवर आले, आणि २००५ साली ब्लँटायर येथील चाचणीत क्लोरोक्विन ९९ टक्के रुग्णांत गुणकारी ठरले. रोधक परजीवी पूर्वस्थितीला परतले, असा याचा अर्थ नव्हे. तगून राहिलेले संवेदी वाणच पुन्हा वाढले. बदललेले प्रथिन औषधापासून वाचविते. पण औषध नसताना तेच परजीवीला भार होते. मलावीत एकाच माणसाच्या रक्तात अनेकदा अनेक वाण नांदतात, व लक्षणांअभावी पुष्कळांवर उपचारही होत नाहीत. अशा चढाओढीत संवेदी वाण सरस ठरतात. आग्नेय आशियात मात्र औषधाचा दाब पूर्णतः हटला नाही. व्हायव्हॅक्स हिवतापावर क्लोरोक्विन चालूच राहिले, आणि तेथे रोधक वाणाचे वर्चस्व टिकले.

आर्टेमिसिनिनच्या बाबतीत हा विचार तातडीचा झाला आहे. त्याच्या प्रभावातील घट २००८ साली पश्चिम कंबोडियातून नोंदली गेली, व पुढे रवांडात रोधक वाण स्वतंत्रपणे उद्भवले. आर्टेमिसिनिन दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात, कारण एकाच परजीवीत दोहोंविरुद्धचे बदल एकत्र येण्याचा संभव अत्यल्प असतो. परंतु जोडीचे औषध निकामी झाले, तर हे गणित कोलमडते. तेव्हा नवे औषध शोधण्याइतकेच, जुने कोठे व केव्हा थांबवावे, हे ठरविणेही संशोधनाचेच कार्य होय.