सोडलेली चित्रकला, धरलेला नांगर

अपयशावर मात करायची तर चिकाटी हवी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण कशाला चिकटून राहायचं आणि काय वेळीच सोडायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं सापडतात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केले. त्यातला पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. लोखंडामुळे जमिनीत विष भिनेल, मग पीक यायचं नाही, अशी शेतकऱ्यांना धास्ती होती. पुढे हाच नांगर घरोघरी गेला आणि त्यातून एक मोठा उद्योगसमूह उभा राहिला.

महाराष्ट्रात ही गोष्ट शाळेच्या वयापासून कानावर पडते. तिचं तात्पर्यही ठरलेलं असतं : प्रयत्न सोडू नका. हे तात्पर्य खोटं नाही, पण अर्धं आहे. कारण नांगराला चिकटून बसलेला हाच माणूस त्याआधी दोन वाटा सोडून आला होता, आणि त्या त्याने रेंगाळत सोडल्या नव्हत्या.

डोळ्याचा दोष, साहेबाचा न्याय

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून त्यांनी मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठलं. तिथे कळलं, की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंगांधळेपण रियाजाने जात नाही. रोज बारा तास कुंचला धरला असता तरी डोळ्याने वेगळं काही दाखवलं नसतं. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. रंग दगा देत होते, हात मात्र पक्का होता. यंत्राच्या आराखड्याला रंग लागतो कुठे?

त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. आणखी मेहनत केली तर पुढच्या खेपेला नंबर लागेल, अशी समजूत घालून घेणं सोपं होतं. पण बढती कामावर ठरत नसून कातडीच्या रंगावर ठरते, हे उघड झाल्यावर मेहनतीचा उपयोग काय? त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

दोन्ही वेळा ते रिकाम्या हाताने निघाले नाहीत. चित्रकलेतून रेखाटन आलं, शिकवताना यंत्रांची ओळख पक्की झाली आणि मुंबईत पाहिलेल्या सायकलींचा धंदाही त्यांनी बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्या मदतीने सुरू केला होता. किर्लोस्कर उद्योग आपलं वय मोजतो ते 1888 पासून, याच सायकलींच्या व्यवहारापासून.

शेतकऱ्याची शंका अडाणी नव्हती

आता नांगराकडे येऊ. लाकडी नांगराचा फाळ जमीन चिरत जातो. माती दोन्ही बाजूंना सरकते, पण उलटत नाही. काळ्या रानात हरळी आणि कुंदा एकदा माजले, की त्यांची मुळं खोल जातात. वरवर चिरून ती मरत नाहीत. भारी जमिनीत लाकडी नांगर खोल घालायचा तर बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. लोखंडी नांगराच्या फाळामागे बाकदार पातं असतं. फाळाने कापलेला मातीचा थर त्या पात्यावर चढतो आणि उलटा होऊन पडतो. तण गाडलं जातं, मुळं वर येऊन उन्हात वाळतात, खालची माती तापते.

इतका उघड फायदा असताना शेतकरी का बिचकले? त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण हिशेब त्यांच्या बाजूने मांडून पाहा. नांगर नापास झाला, तर कारखानदाराचा एक नांगर पडून राहील. शेतकऱ्याचं मात्र वर्षाचं पीक जाईल. घरचं धान्य, बैलांची वैरण आणि सावकाराचा हप्ता सगळंच त्यात आलं. असा माणूस जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही. तो शेजाऱ्याच्या रानात उभं असलेलं पीक बघतो. ते पीक बघायला एक हंगाम जावा लागतो, आणि हंगाम वर्षातून एकदाच येतो.

अशा हिशेबाने पाहिलं, तर ती दोन वर्षं म्हणजे फक्त दोन हंगाम. लक्ष्मणरावांसमोरची ही अडचण पहिल्या दोन अडचणींपेक्षा मुळात वेगळी होती. डोळा बदलणार नव्हता, साहेब बदलणार नव्हता. शेतकऱ्याचं मत मात्र बदलणार होतं, फक्त त्याला पुरावा हवा होता. इथे थांबण्यात अर्थ होता, कारण जाणारा प्रत्येक हंगाम काहीतरी सिद्ध करणार होता.

थांबायचं तर खायचं काय?

चिकाटीच्या गोष्टींमध्ये हा प्रश्न सहसा वगळला जातो. नांगर पडून होते तेव्हा चूल कशी पेटत होती? एक तर सायकलींचा व्यवसाय होता. शिवाय नांगराआधी लक्ष्मणरावांनी कडबाकुट्टी यंत्र बनवलं होतं. त्यात जमिनीला बाट लागण्याची भीती नव्हती. कडबा बारीक होतो की नाही, हे उभ्या उभ्या दिसायचं. नवी गोष्ट पटेपर्यंत जुन्या गोष्टीने घर चालवायचं, ही त्यामागची साधी व्यवस्था होती. आणि पाठीशी रामूअण्णा होते.

नांगर चालायला लागला तोच दुसरा घाव बसला. नगरपालिकेने बेळगावातली कारखान्याची जागा सोडायला सांगितली. ही अडचण कष्टाने सुटणारी नव्हती, तिला जमीनच हवी होती. ती औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिली. ते स्वतः चित्रकार आणि लक्ष्मणरावांचे स्नेही. कुंडल रोड स्टेशनजवळचं 32 एकर माळरान आणि सोबत कर्जाऊ रक्कम त्यांनी देऊ केली.

1910 साली लक्ष्मणराव, त्यांचे कामगार आणि त्यांची कुटुंबं त्या माळावर आली. सगळीकडे निवडुंग, आणि निवडुंगात नाग. ते रान तोडून, सपाट करून त्यांनी कारखाना आणि वस्ती उभी केली. तीच किर्लोस्करवाडी, आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातली. कष्ट या शब्दाचा अर्थ इथे अक्षरशः घ्यावा लागतो. पण ते कष्ट कुणीतरी भरवशाने दिलेल्या जमिनीवर पडत होते, म्हणून कामी आले.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येणं आटलं. देशी नांगराला मागणी वाढली, पण कच्च्या लोखंडाचीही टंचाई झाली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच दशकात पंपही बनू लागले. लक्ष्मणराव 1956 साली गेले तेव्हा त्यांचे चिरंजीव शंतनुराव पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना चालवत होते.

सोडण्याचंही शास्त्र आहे

अलीकडे मानसशास्त्रात ‘ग्रिट’ या नावाने चिकाटीचा मोठा बोलबाला झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ यांच्या 2016 सालच्या पुस्तकाने तो शब्द शाळा-कंपन्यांपर्यंत नेला. पुढच्याच वर्षी मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात चिकाटीचा यशाशी संबंध दिसला, पण तो गाजावाजा झाला तितका मोठा निघाला नाही.

त्याआधी, 2003 साली, कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजू तपासली होती. हाती न येणाऱ्या ध्येयावरून जे मन काढू शकतात आणि दुसऱ्या ध्येयात ते गुंतवू शकतात, ते अधिक समाधानी असतात, असं त्यांना आढळलं. यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा. नुसतं सोडणं पुरत नाही; सोडल्यावर धरायला काहीतरी हवं. लक्ष्मणरावांनी कुंचला ठेवला तेव्हा हातात पट्टी आणि कंपास होता.

आपल्या घरातला प्रश्न

हे सगळं आठवण्याचं कारण आजचं आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत खोल्या घेऊन हजारो मुलं-मुली वर्षानुवर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. मेस, अभ्यासिका आणि पुढची जाहिरात कधी येते याची वाट, असा त्यांचा दिनक्रम. त्यांना चिकाटी शिकवायची गरज नाही, ती त्यांच्याकडे भरपूर आहे. पण जागा मोजक्या असतात, आणि सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला म्हणून त्या दुप्पट होत नाहीत. ‘अजून एक अटेम्प्ट दे’ असं सांगणारे गावाकडचे काका-मामा प्रेमानेच सांगतात. मात्र त्या एका प्रयत्नात काय बदलणार आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

विचारायचे प्रश्न तीन आहेत. समोरची अडचण माझ्या कष्टाने हलणारी आहे का? गेल्या खेपेपेक्षा या खेपेला मला काही नवं कळलं का? आणि हे पटेपर्यंत, जमेपर्यंत माझं घर कशावर चालणार? तिन्हींची उत्तरं बरी असतील, तर लोक हसले तरी दोन हंगाम काय, चार हंगाम थांबावं. उत्तरं बरी नसतील, तर सोडण्यात कमीपणा नाही. तेव्हा आपण शिकलेल्यातलं काय सोबत नेता येईल, ते आधी गोळा करावं आणि निघावं.

घरातल्या मोठ्यांचं काम मात्र उपदेशावर संपत नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणरावांना जिद्दीचा धडा दिला नाही, जागा दिली. आपल्याकडे 32 एकर नसतील. पण धडपडणाऱ्या मुलाला वर्षभराची मोकळीक देणं, वाट बदलणाऱ्या मुलीला ‘हरलीस’ न म्हणणं, एवढं बहुतेक घरांना परवडतं.