शिस्त कोणासाठी, दाद कोणाकडे?

अनमोडचा घाट चढून शिक्षणासाठी धारवाडला जाण्याची गोमंतकीयांची वहिवाट जुनी आहे. १९१७ साली तेथे कर्नाटक कॉलेज निघाले. १९४९ साली मुंबईत स्थापन झालेले कर्नाटक विद्यापीठ पुढच्याच वर्षी धारवाडला आले. १९८५ साली गोव्याचे स्वतःचे विद्यापीठ उभे राहिले, तरी ही वाट मोडली नाही. आज हुबळी-धारवाड ह्या जुळ्या नगरीत कायदा, तंत्रशास्त्र, शेती, वैद्यक अशा नानाविध शाखांच्या विद्यापीठांची दाटी झाली आहे. हुबळीलगत तारिहाळची औद्योगिक वसाहत आहे, आणि आज वर्गात बसणारा तरुण उद्या तिथल्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावर उभा राहणार आहे. ह्या तरुणाला अपंगत्व असेल, तर विद्यापीठात आणि कारखान्यात त्याच्या वाट्याला कायद्याचे कोणते संरक्षण येते, ह्याचा विचार प्रवेशाच्या ह्या हंगामात व्हावयास हवा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. वीस किंवा अधिक नोकरदार असलेल्या खाजगी आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर केले पाहिजे, अपंगांना कोणत्या सोयी मिळतील ते त्यात नमूद केले पाहिजे आणि त्यांच्यासाठी संपर्क अधिकारी नेमला पाहिजे, असे नियम सांगतात. तारिहाळचा कारखानदारही ह्यातून सुटत नाही. सरकारी आस्थापनेला तर तक्रार निवारण अधिकारी नेमणे सक्तीचे असून, नोंदलेल्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत झाली पाहिजे, असे कलम २३ बजावते. मात्र हे कलम बारकाईने वाचणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट येईल. ह्या अधिकाऱ्याकडे जाणारी तक्रार कलम २० च्या भंगाची, म्हणजे नोकरीतील भेदभावाची असावी लागते. त्याच विद्यापीठातील अपंग कारकुनाला हा दरवाजा उघडा आहे. अपंग विद्यार्थ्याला तो नाही.

विद्यार्थ्याला कायद्याने अगदीच वाऱ्यावर सोडले आहे, असे मात्र नव्हे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही धाव घेता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, अपंगत्वावरून झालेल्या भेदभावाची तक्रार तिच्या कक्षेत येते, समितीचा अहवाल शक्यतो पंधरा कामाच्या दिवसांत यावा आणि त्यावर लोकपालाकडे अपील करता यावे, अशी व्यवस्था आहे. मात्र समितीवर एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती वा इतर मागासवर्गातील एक सदस्य असलाच पाहिजे असा दंडक घालणाऱ्या ह्या विनियमांना, एखादा अपंग सदस्य असावा, असे वाटलेले नाही.

खरी अडचण निर्माण होते ती शिस्तीच्या नियमांपाशी. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक ज्या हमीपत्रावर सही करतात, त्यात उपस्थितीची टक्केवारी, परीक्षागृहातील वर्तन, वसतिगृहाच्या वेळा आणि प्राध्यापकांशी बोलण्याचालण्याची रीत ह्यांची तपशीलवार नोंद असते. हे नियम सर्वांना सारखे, म्हणून न्याय्य, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तास असेल, तर कुबड्यांवर चालणाऱ्याची उपस्थिती कमी भरणारच. कर्णबधिराच्या कानातील यंत्र पर्यवेक्षकाला कॉपीचे साधन वाटू शकते. स्वमग्न मुलाला गोंगाट असह्य होऊन तो वर्गातून उठून गेला, तर त्याला उद्धट ठरवायला किती वेळ लागतो? गैरवर्तन म्हणून ज्याची नोंद होते, ते पुष्कळदा सोयीच्या अभावाचे फळ असते.

ह्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्यावर वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई चालू होती आणि तो मनोविकाराने ग्रस्त होता. मानसिक अपंगत्व असलेल्या माणसाकडून नियमभंग होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो, म्हणून अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, लेखनिक मागणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात, वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव होय, असेही न्यायालयाने स्पष्ट केले होते. सशस्त्र दलाच्या शिस्तीला जे तत्त्व लागू पडते, ते महाविद्यालयाच्या शिस्तीला लागू का पडू नये?

अपंगत्वाची ढाल करून कोणी रॅगिंग करील, मारामारी करील, अशी शंका काही प्राचार्य काढतील. शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर कायद्यातच आहे. उद्दिष्ट उचित असेल आणि उपाय त्याच्या प्रमाणात असेल, तर कारवाईला कलम ३ आड येत नाही. अपंगाला शिक्षा करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. शिक्षेपूर्वी दोन प्रश्न विचारले जावेत, एवढेच आम्ही म्हणतो. हे वर्तन अपंगत्वातून उद्भवले का? आणि संस्थेने आपल्या वाट्याची सोय पुरवली होती का?

गोव्याने जानेवारी २०२३ मध्ये पर्पल फेस्ट भरवून अपंगांच्या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले, ह्याचा आम्हाला अभिमान आहे. पण उत्सवाचे मंडप उतरतात आणि वसतिगृहाचे जिने तसेच राहतात. गोवा विद्यापीठाने आणि संलग्न महाविद्यालयांनी शिस्तीच्या नियमावलीत वरील दोन प्रश्न लेखी समाविष्ट करावेत, तक्रार समितीवर अपंग सदस्य घ्यावा आणि तक्रार कोणाकडे, किती दिवसांत, हे नियमावलीच्या पहिल्याच पानावर छापावे. ह्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही आणि खर्चही नगण्य आहे. घाटापलीकडे मुलांना धाडणाऱ्या पालकांनीही शुल्क भरण्यापूर्वी हीच माहिती मागावी. समिती आणि लोकपाल ह्यांची माहिती माहितीपत्रकात देणे विनियमांनी बंधनकारक केले आहे, तेव्हा ती मागण्यात संकोच कसला? तारिहाळच्या कारखान्याकडून कायदा जी अपेक्षा करतो, तेवढी तरी विद्यापीठाने पुरी करावी, ही मागणी अवाजवी खासच नाही.