टाकाऊ पदार्थांपासून होणारे मिथेन-उत्सर्जन : दीर्घकालीन कल व त्यांचा अर्थ

गिरगावातील चाळींतून, दादरच्या फुलबाजारातून व परळ-लालबागच्या वस्त्यांतून प्रतिदिनी गोळा होणारा कचरा नागरिकांच्या दृष्टीआड होतो. परंतु तेथे त्याचा इतिहास संपत नाही. त्यातील सेंद्रिय अंश ढिगाखाली दबला गेला म्हणजे प्राणवायूच्या अभावी सूक्ष्मजंतू त्याचे विघटन करतात व त्यातून मुख्यत्वे मिथेन आणि कार्बन डाय-ऑक्साइड हे वायू निर्माण होतात. साचलेल्या सांडपाण्यातही हीच क्रिया घडते. शंभर वर्षांचा कालखंड प्रमाण धरल्यास अशा एक टन मिथेनचा तापमानवर्धक परिणाम सुमारे २७ टन कार्बन डाय-ऑक्साइडइतका भरतो. वातावरणातील त्याचे आयुष्य मात्र बारा वर्षांच्या आसपास असते. त्यामुळे हे उत्सर्जन घटविल्यास त्याचे फळ एका पिढीच्या आत दिसू शकते.

मुंबईला या वायूचा परिचय नवा नाही. माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात १८९७ मध्ये मैल्याच्या टाक्यांतील वायू गोळा करून त्यावर इंजिन चालविण्यात आले होते. १९३० नंतरच्या दशकात दादरच्या मैलाशुद्धीकरण केंद्रातही प्राणवायुविरहित विघटनाची पद्धती अवलंबिली गेली. घन कचऱ्याच्या बाबतीत मात्र तो शहराबाहेर नेऊन टाकणे हाच मार्ग दीर्घकाळ रूढ राहिला. देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासून वापरात आली. पुढे मुलुंड, गोराई व अलीकडे कांजूरमार्ग यांची तीत भर पडली.

या उत्सर्जनाचे वैशिष्ट्य असे की, त्याचा आजचा आकडा हा केवळ आजच्या कचऱ्याचा नसतो. ढिगात उरलेल्या विघटनशील कार्बनाचा ठराविक भाग दरवर्षी कुजतो. उष्ण व दमट हवामानात अन्नपदार्थांतील असा कार्बन निम्मा होण्यास सुमारे २ वर्षे, कागदातील कार्बनास सुमारे १० वर्षे, तर लाकडातील कार्बनास सुमारे २० वर्षे लागतात, असे आंतरराष्ट्रीय गणनापद्धतीत मानले जाते. गोराईची क्षेपणभूमी २००७ मध्ये बंद करून तेथील वायू गोळा करण्याची योजना आखली गेली, तिचे कारण हेच होय. कचरा टाकणे थांबले तरी वायूची निर्मिती थांबत नाही.

आता राष्ट्रीय आकडे पाहू गेल्यास, भारताच्या अधिकृत गणनेनुसार टाकाऊ पदार्थांपासून झालेले मिथेन-उत्सर्जन १९९४ मध्ये १०.०३ लक्ष टन होते; २००७ मध्ये ते २५.१६ लक्ष टन झाले. वरकरणी ही अडीचपट वाढ होय. परंतु तिचे घटक वेगळे केले असता निराळेच चित्र दिसते. नागरी घन कचऱ्याचा वाटा ५.८२ लक्ष टनांवरून ६.०५ लक्ष टनांवर, म्हणजे जेमतेम चार टक्क्यांनी वाढला. घरगुती सांडपाण्याचा वाटा ३.५९ वरून ८.६१ लक्ष टन झाला, तर औद्योगिक सांडपाण्याचा ०.६२ वरून १०.५ लक्ष टनांवर गेला.

हे आकडे जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. देशाची नागरी लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे २१.८ कोटी होती. २०११ मध्ये ती ३७.७ कोटी झाली. अशा काळात शहरांच्या कचऱ्यापासून होणारे उत्सर्जन जवळजवळ स्थिर राहिले असेल, हे संभवनीय वाटत नाही. उलटपक्षी, उद्योगांचे उत्पादन तेरा वर्षांत सतरापट झालेले नव्हते. तेव्हा या दोन्ही विसंगतींमागे गणनेच्या पद्धतीतील, गुणकांतील व व्याप्तीतील फरकांचा हात असला पाहिजे. जुन्या सरळ पद्धतीत कचऱ्याचा सर्व वायू तो टाकला त्याच वर्षी बाहेर पडला असे धरले जाते. क्षयपद्धतीत तोच वायू पुढील अनेक वर्षांवर विभागला जातो. कचरा सतत वाढत असेल, तर दुसरी पद्धत चालू वर्षाचा आकडा कमी दाखविते. भिन्न पद्धतींनी काढलेले आकडे एका रेषेवर मांडल्यास खरी वाढ झाकली जाते, अथवा नसलेली वाढ भासते.

या शंकेस प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड मिळाली आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहाधारित संशोधनात मुंबईतील एका क्षेपणभूमीतून दर तासाला सुमारे ९.८ टन मिथेन बाहेर पडत असल्याचे अनुमान काढण्यात आले. हाच वेग वर्षभर राहिला असे धरल्यास ते सुमारे ८६ हजार टन होते. म्हणजे २००७ साठी सबंध देशाच्या घन कचऱ्याचा जो आकडा दिला गेला, त्याच्या सातव्या हिश्शाइतके. अर्थात् उपग्रहाची निरीक्षणे मोजक्या दिवसांची असतात व दोन्ही आकड्यांची वर्षेही भिन्न आहेत. तथापि एका शहरातील एकाच जागेचा वाटा एवढा असावा, यावरून राष्ट्रीय अंदाज वास्तवापेक्षा कमी असण्याचा संभव बळावतो.

हा प्रश्न केवळ सांख्यिकीचा नाही. २०२० च्या अधिकृत गणनेत देशाच्या एकूण हरितगृह वायूंत टाकाऊ पदार्थांचा वाटा २.५६ टक्के दाखविलेला आहे. वाटा अल्प दिसला म्हणजे त्यावरील खर्चही अल्प राहतो. म्हणून मागील वर्षांची गणना एकाच पद्धतीने पुन्हा करणे, प्रत्येक मोठ्या क्षेपणभूमीचे प्रत्यक्ष मोजमाप ठेवणे आणि ओला कचरा उगमाशीच वेगळा करून बंदिस्त पात्रात कुजविणे, ही तिन्ही कार्ये बरोबरीने झाली पाहिजेत. त्यांपैकी शेवटच्या कार्याचे मूलतत्त्व माटुंग्यास १८९७ मध्येच प्रत्ययास आले होते.