टाळेबंदीतल्या चुली

२६ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्रात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. दोनच महिन्यांत, २४ मार्चच्या रात्री, करोनाच्या महासाथीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली. सरकारने थाळी पाच रुपयांवर आणली. पण ज्या परप्रांतीय मजुरांची रोजंदारी बुडाली, त्यांतल्या अनेकांची रेशनकार्डं बिहार-उत्तर प्रदेशातल्या गावी होती आणि थाळीचं केंद्र गाठायला रस्ते मोकळे नव्हते.

त्या दिवसांत या माणसांपर्यंत अन्न पोचवण्यात मोठा वाटा होता तो वेगवेगळ्या समाजांच्या स्वयंपाकघरांचा.

मुंबईत गिऱ्हाईक नसलेली हॉटेलं होती, बसून असलेले आचारी होते. मार्चअखेरीस कार्यकर्ते रुबेन मस्करेन्हास, हॉटेल व्यावसायिक नीती गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘खाना चाहिए’ हा उपक्रम उभा केला. बंद हॉटेलांच्या भटारखान्यांत पुन्हा अन्न शिजू लागलं. ते आधी पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला आणि वस्त्यांमध्ये, मग मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक रेल्वेगाड्यांपर्यंत पोचलं. या उपक्रमाने ४० लाखांहून अधिक जेवणं वाटली. एप्रिलअखेरीस रमजान सुरू झाला, तेव्हा अनेक मोहल्ल्यांतून जकातीच्या पैशांतून धान्याचे किट बांधले गेले आणि ते शेजारच्या बिगरमुस्लिम घरांतही गेले.

यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ, नागपूर-हैदराबाद महामार्गावर, शिखांचा लंगर कितीतरी वर्षं आधीपासून चालू होता. ऐंशी ओलांडलेले बाबा करनैलसिंग खैरा तो चालवत. तेलंगणाकडून उत्तरेला निघालेले मजूर आणि ट्रकचालक तिथे थांबत. लांबच्या लांब पट्ट्यात ढाबे बंद होते. इथे मात्र सकाळी चहाबरोबर ब्रेड-बिस्किटं आणि नंतर डाळ, भात, भाजी मिळे. नाव-गाव, जात-धर्म कुणी विचारत नसे. त्या वेळच्या वृत्तांनुसार दहा आठवड्यांत सुमारे २० लाख लोकांना या लंगराने जेवू घातलं. हाताशी सेवेकरी मोजकेच होते, पण धान्य कुठून आणायचं आणि एवढ्यांचा स्वयंपाक कसा उरकायचा, याची घडी आधीच बसलेली होती. संकट आल्यावर ती नव्याने बसवावी लागली नाही, म्हणूनच एवढी माणसं जेवली.

मुंबईच्या डबेवाल्यांनीही २०१५ पासून ‘रोटी बँक’ चालवून लग्नसमारंभांतलं उरलेलं अन्न भुकेल्यांपर्यंत नेलं होतं. टाळेबंदीत त्यांचंच काम थांबलं आणि अनेक घरांना धान्याची मदत घ्यावी लागली. देणारा आणि घेणारा यांच्या जागा त्या वर्षी अशा झपाट्याने बदलल्या.

सगळ्यांपर्यंत मात्र कुणीच पोचू शकलं नाही. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड इथे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं. जालन्याहून ते भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. त्यांच्या सोबतच्या पोळ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या.

त्यानंतर आठवडाभरात केंद्राने रेशनकार्ड नसलेल्या ८ कोटी स्थलांतरितांसाठी दोन महिन्यांचं धान्य जाहीर केलं. पुढे २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३१ जुलैपर्यंत ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना सर्व राज्यांत लागू करायला सांगितलं आणि महासाथ असेपर्यंत स्थलांतरित मजुरांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवण्याचा आदेश राज्यांना दिला. करंजीच्या लंगराने आणि मुंबईच्या भटारखान्यांनी हे काम त्याच्या वर्षभर आधीच करून दाखवलं होतं.