कोरड्या पेटीतले भुंगेरे

संग्रहालयाच्या कीटकदालनात गर्दी असते ती टॅरँट्युला कोळ्यापुढे आणि फुलपाखरांपुढे. वाळू, चार दगड आणि वाळकं लाकूड ठेवलेल्या काचपेटीशी लोक क्षणभर थांबतात, आत काही निळसर भुंगेरे नुसते बसलेले पाहतात आणि पुढे सरकतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की दालनातला सर्वांत जास्त वेळ याच पेटीला द्यावा. पाहताना एकच प्रश्न मनात धरायचा: या जिवाकडे पाणी येतं कुठून आणि जातं कुठे?

जिवंत कीटक लोकांना दाखवण्याची प्रथा जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८८१ साली कीटकघर उघडलं. वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात १९७६पासून असं दालन आहे. अमेरिकेतल्या अशा बऱ्याच दालनांचा आवडता रहिवासी म्हणजे ‘ब्लू डेथ-फेनिंग बीटल’, शास्त्रीय नाव ॲस्बोलस व्हेरुकोसस. हा सोनोरा आणि मोहावी वाळवंटांतला, डार्कलिंग बीटल म्हणजे टेनेब्रिओनिडी कुळातला. या कुळात वीस हजारांहून जास्त जाती आहेत.

त्याचा निळा रंग हा मुळात रंगच नव्हे, ते मेण आहे. पाठीवरच्या बारीक उंचवट्यांच्या टोकांतून मेणाचे तंतू स्रवतात आणि अंगभर त्यांची जाळी पसरते. खालचं कवच काळंच असतं. ॲरिझोनातले संशोधक नील हॅडली यांनी १९७९मध्ये दाखवलं, की हवा कोरडी असेल तर हा थर धरतो आणि भुंगेरा फिकट निळा दिसतो, दमट हवेत मात्र तो काळा दिसतो. मेणामुळे कवचातून उडून जाणारं पाणी कमी होतं. म्हणजे पेटीतला भुंगेरा काळपट दिसू लागला, की देखभाल करणाऱ्याने आधी आतल्या ओलाव्याकडे पाहावं.

पाठीवरची दोन कवचं मधोमध घट्ट जुळलेली असतात, त्यामुळे हा उडू शकत नाही. उडणं गेलं, पण त्याच्या बदल्यात कवचाखाली एक बंद पोकळी मिळाली. पोटावरची श्वासरंध्रं थेट बाहेर न उघडता तिच्यात उघडतात, आणि श्वासाबरोबर जाणारी वाफ तिथे बरीचशी अडते. गुळगुळीत काचेवर त्याला चढता येत नाही, त्यामुळे तो पेटीत सहज राहतो. मुलांच्या तळहातावर ठेवायलाही तो चांगला. छेडलं, की उताणा पडून पाय ताठ करतो आणि मेल्याचं सोंग घेतो. त्याला परत परत छेडू नये. थोडा वेळ थांबलं, तर एकेक पाय हलवत तो कसा उठतो तेही पाहायला मिळतं. खाणं साधं: सुकी पानं, मेलेले किडे, आणि ओलाव्यासाठी गाजराची चकती. एवढ्यावर तो पेटीत काही वर्षं जगतो.

याच कुळातली नामिब वाळवंटातली मंडळी आणखी पुढे गेली आहेत. तिथे पाऊस जवळजवळ नाही, पण अटलांटिकवरून धुकं येतं. ओनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस हा भुंगेरा टेकडीच्या माथ्यावर जाऊन वाऱ्याकडे तोंड करतो, डोकं खाली आणि पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर जमलेलं धुक्याचं पाणी ओघळून तोंडाशी येतं. हॅमिल्टन आणि मेरी सीली या संशोधकांनी हे १९७६मध्ये नोंदवलं. २००१मध्ये स्टेनोकारा या दुसऱ्या भुंगेऱ्याच्या खडबडीत पाठीवर एक निबंध आला आणि पाणी पकडणाऱ्या कृत्रिम पृष्ठभागांची चर्चा जगभर झाली. पण २०१०मध्ये चार जाती शेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा धुक्यात डोकं खाली करून उभा राहिला तो एकटा ओनिमॅक्रिस उंग्विक्युलॅरिस, आणि त्याची पाठ तर बरीच गुळगुळीत! खडबडीत पाठीची गोष्ट अजूनही लेखांतून फिरते. प्रत्यक्ष जनावराकडे पाहत बसण्याचं मोल मला इथे फार वाटतं.

या कुळाची सर्वांत मोठी करामत मात्र पोटात दडलेली आहे, आणि ती पाहायला वाळवंटात जायला नको. आपल्या पिठाच्या डब्यात होणारे तिळाएवढे तांबूस भुंगेरे, ट्रायबोलियम कॅस्टेनियम, हे याच कुळातले. कोरड्या पिठात, पाण्याचा थेंबही नसताना त्यांच्या पिढ्यामागून पिढ्या वाढतात. त्यांच्या उत्सर्जन-नळ्यांची टोकं गुदाशयाला चिकटून एका आवरणात गुंडाळलेली असतात. मोजक्या खास पेशी त्या नळ्यांत क्षार साठवतात, क्षारांच्या ओढीने विष्ठेतलं पाणी पुन्हा अंगात येतं आणि बाहेर पडते ती जवळपास कोरडी भुकटी. केंब्रिजच्या रॅमसे यांनी १९६४मध्ये मीलवर्ममध्ये, म्हणजे याच कुळातल्या एका भुंगेऱ्याच्या अळीत, ही रचना उलगडली. मीलवर्म तर दमट हवेतली वाफही गुदाशयातून शोषतो. त्यासाठी हवेची सापेक्ष आर्द्रता ८८ टक्क्यांच्या पुढे लागते. ट्रायबोलियममध्ये हे काम कोणत्या जनुकाच्या मदतीने चालतं, ते कोपनहेगन विद्यापीठातल्या गटाने २०२३मध्ये दाखवलं.

म्हणूनच धान्य नुसतं कोरडं ठेवून या किड्याचा बंदोबस्त होत नाही. उष्णता मात्र त्याला सोसत नाही. पिठाच्या मोठ्या गिरण्यांत कीटकनाशकाऐवजी इमारतीची हवाच ५० अंश सेल्सिअसच्या वर नेऊन तासन्‌तास तशी ठेवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे वैशाखात गच्चीवर गहू पसरून त्याला कडक ऊन दाखवतात, तेव्हा दाणे वाळतात हे खरं, पण या भुंगेऱ्याला भोवते ती तापलेली गच्ची.