घोडा बारमाही मोकळ्यावर ठेवायचाय? थंडी पडायच्या आधीच सवय लावा

निफाड : येवल्याच्या घोडेबाजारातून हौसेनं आणलेला घोडा आपल्याकडे बहुतेक वेळा दावणीलाच उभा असतो. लग्नसराई संपली की महिनोन्‌महिने जागेवरच. त्यापेक्षा कुंपणाच्या आत रात्रंदिवस मोकळा राहिला तर पाय आणि पोट दोन्ही चांगलं राहतं. मात्र एके दिवशी दावं सोडलं आणि काम झालं, असं होत नाही.

पहिला प्रश्न थंडीचा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांच्याही खाली जातो. तरी अंग कोरडं असलं तर धडधाकट घोडा ही थंडी काढतो. दिवस लहान व्हायला लागले की त्याची लव दाट होते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आधी दिवसभर, मग रात्रीही बाहेर ठेवायला लागा. लव कातरू नका, थंडीत अंघोळ घालू नका. ओलं अंग आणि वारं एकत्र आलं की मात्र घोडा कुडकुडतो. त्यासाठी तीन बाजूंनी बंद, वाऱ्याकडे पाठ असलेलं छप्पर हवं. रात्री कडबा जास्त टाका, तो पचताना अंगात ऊब तयार होते.

खरी काळजी पोटाची. कोरड्या चाऱ्यावरच्या घोड्याला एकदम हिरव्या गवतात सोडलं तर पोटशूळ होतो, कधी खुरं गरम होऊन घोडा लंगडतो. आधी कडबा खाऊ घाला, मग पहिल्या दिवशी अर्धा तासच चरू द्या. रोज थोडं थोडं वाढवत दोन-तीन आठवडे जाऊ द्या. घोडा पाय आपटतोय, कुशीकडे वळून बघतोय, लोळतोय किंवा लीद बंद झालीय, तर घरगुती काढा पाजत बसू नका. १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन लावा.

आता आपल्या भागातली गोष्ट. चाळीतला सडका कांदा आपण बांधावर फेकतो. तो घोड्यानं भरपूर खाल्ला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फवारणी झालेल्या द्राक्षबागेतलं गवत, कुंपणाची कण्हेर, एरंडाच्या बिया, हे सगळं त्याच्या तोंडापासून लांब हवं. गाई-कोंबड्यांच्या काही खाद्यात मोनेन्सिन असतं, ते घोड्याला थोडंसंही जीवघेणं ठरतं. तेव्हा उरलेली पेंड घोड्यापुढे टाकायची सवय सोडा. काटेरी तारेला घाबरलेला घोडा धडकतो, लाकडी आडवे वासे बरे.

एकटा घोडा बावरतो, कुंपणाभोवती येरझाऱ्या घालतो. सोबतीला दुसरा घोडा असावा, नाहीतर शेळी तरी. काळ्या मातीच्या चिखलात पाय सतत राहिले तर खूर सडतं, म्हणून उभं राहायला थोडी मुरमाची जागा करा आणि रोज खुरं बघा.

गोदाकाठच्या उसात बिबट्या आहे हे सांगायला नको. मोठा घोडा सहसा निभावून नेतो, पण शिंगरू रात्री बंद गोठ्यातच ठेवा.