भाकरी किती थापल्या, ते विचारा

रजाकारीची आठवण विचारायला गेलं की घरातला पुरुष आधी बोलतो. वसमत, कळमनुरी, औंढा, तालुका कोणताही असो, हे ठरलेलं. जिची आठवण हवी ती आजी ओसरीच्या खांबाला पाठ टेकून बसलेली असते आणि सत्तरीतला मुलगा सांगत असतो, ‘‘आमच्या वडिलांनी लई सोसलं. आईला त्यातलं काय ठाऊक? ती घरात होती.’’ मुलाचा जन्म रजाकारी संपल्यावरचा. आई त्या वेळी नवी नवरी म्हणून त्याच घरात नांदत होती.

इतिहास शिकवणाऱ्या एक बाई आणि त्यांचे विद्यार्थी हिंगोली जिल्ह्यातल्या अशा आज्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतात. मी त्यांच्याबरोबर जाते. रेकॉर्डर म्हणून मोबाइलच असतो. खरी मेहनत प्रश्नांची आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला झाला. त्याआधी हा मुलूख परभणीत होता आणि १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला, त्याच दिवशी इकडे स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली आणि पुढचे तेरा महिने कासीम रझवीच्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या दहशतीत गेले. कळमनुरीच्या अंगाने पैनगंगा वाहते. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे उमरखेडला स्टेट काँग्रेसचा सरहद्दीवरचा कॅम्प. ३० जानेवारी १९४८ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक कार्यकर्त्यांनी लुटली, तो पैसा याच उमरखेडला पोचवला. गावोगावी करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके उठवले गेले, शिंदीची झाडं तोडली गेली. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी हुतात्मा झाले, वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. हे सगळं लिहिलं गेलं आहे. अनंत भालेरावांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ लिहून त्यातलं पुष्कळ जपून ठेवलं. चुलीजवळचं मात्र फार थोडं लिहिलं गेलं.

ओसरीवर बसल्यावर बाई आधी मुलाला उठवतात, तेही मान राखून. ‘‘दादा, आमच्या पोरांना गावातली गढी दाखवता का?’’ दादा खुशीने निघतात. मग सुनेला आजीजवळ बसवायचं, कारण सून शेजारी असली की आजीला हुरूप येतो. सुनेलाही हे ऐकायचंच असतं, तिला आजवर कुणी सांगितलेलं नसतं.

‘लढ्यात तुम्ही काय केलं?’ हा प्रश्न बाई विचारत नाहीत. त्याला घरोघर एकच उत्तर येतं, ‘‘आमी काय करणार माय, आमी चुलीपाशी.’’ म्हणून त्या चुलीपासूनच धरतात. चूल कुठं होती? जातं कोणत्या भिंतीला? पाणी आडाचं की नदीचं? दळायला एकट्या बसायच्या की जावेबरोबर?

एका आजीशी झालेलं हे बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

‘‘दळण किती लागायचं, आजी?’’

‘‘माणसं सात. पायलीत भागायचं.’’

‘‘आन् रजाकारीत?’’

‘‘रजाकारीत तीन पायल्या.’’

‘‘घरात माणसं वाढली होती का?’’

आजींनी सुनेकडे बघितलं, मग दाराकडे. ‘‘घरात नाय. ज्वारीत होती.’’

पुढचा बराच वेळ त्या तीन पायल्यांचाच गेला. उभ्या ज्वारीत माणसं लपलेली, त्यांना दोन वेळची भाकर द्यायची. एकाच घरी जातं उजाडेपर्यंत घरघरत राहिलं असतं तर गावाला संशय आला असता. म्हणून दळण तीन घरांत वाटलं. कुणी वाटलं? सासूने. सासूने कुणाला विचारून? ‘‘कुनाला इचारायचं? बापे घरात होतेच कुठं?’’ पीठ रात्री परसातून एका घरी यायचं, भाकरी पहाटे थापायच्या, टोपल्यात खाली भाकरीची चळत, वर ठेचा, कांदा आणि फडकं. डोक्यावर टोपलं घेऊन शेताकडे निघालेल्या बाईला कोण अडवणार? चळतीत कधी चिठ्ठी असायची. चिठ्ठीत काय लिहिलं होतं, ते आजींना आजही ठाऊक नाही. त्यांना अक्षर येत नव्हतं आणि कुणी वाचूनही दाखवलं नाही.

सैन्यात या कामाला रसद म्हणतात. तिचं वेगळं खातं असतं, त्यावर अधिकारी असतो, हिशेब राहतो. इथे एका सासूने तीन घरांचं जातं, पीठ, सरपण आणि गुपित सांभाळलं, आणि तिचं नाव त्या मुलाखतीपर्यंत कागदावर कुठेही नव्हतं.

तारखा विचारून काही हाती लागत नाही. वय, वर्ष, महिना हे आज्यांच्या हिशेबात बसत नाही. बाई सणांवरून काळ लावतात. पोळा झाला होता का? पंचमीला माहेरी गेला होतात का? भारतीय फौजेची पोलिस ॲक्शन १३ सप्टेंबर १९४८ला सुरू झाली आणि १७ला निजाम शरण आला. त्या साली भाद्रपदातल्या लक्ष्म्या ॲक्शनच्या तोंडावरच उठल्या होत्या. ‘‘लक्ष्म्या उठल्या आन् फौज आली,’’ असं कुणी म्हणालं की विद्यार्थी वहीत बिनधास्त तारीख टाकतो. नवऱ्याचं नाव घेणं हीही अडचण असते. ते सुनेकडून घ्यायचं किंवा सातबाऱ्यावरून.

एका घरात बळद अजून शाबूत आहे. माळवदाच्या घरात जाड भिंतीआड धान्य साठवायची ही कोठडी, तिला दार नाही, वरून तोंड. रझाकार येताहेत अशी हूल उठली की घरातल्या तरण्या पोरींना वरून आत उतरवायचं आणि तोंडावर फळी टाकायची. थोरली जाऊ त्या फळीवर सूप घेऊन ज्वारी पाखडत बसायची. विद्यार्थ्याने आत बॅटरी मारली. दोघी कशाबशा उकिडव्या बसतील एवढी जागा. आजी म्हणाल्या, ‘‘आत तिघी होतो. तांब्याभर पाणी. खोकला आला तर पदर तोंडात.’’ आत बसलेल्या तिघींची आठवण निदान आता नोंदली गेली. मला फळीवर बसलेल्या जावेचं राहून राहून वाटतं. उंबऱ्यावर माणसं उभी असताना तिने हात थांबू दिला नाही. तिच्याबद्दल विचारायला आता त्या घरात एकच माणूस उरलं आहे.

गावकुसाबाहेरच्या वस्तीत हेच प्रश्न चालत नाहीत. ‘‘लेव्हीच्या धास्तीने ज्वारी पेवात लपवली होती का?’’ असं विचारल्यावर एक म्हातारी सरळ म्हणाली, ‘‘आमचं पेवच नव्हतं, तर लपवायचं काय?’’ तिच्या आईने दुसऱ्यांची पेवं भरली आणि रातोरात उकरली. रझाकारांची भीती होती, तशी पाटलाची होती आणि उपाशी राहायचीही होती. लढ्याच्या गौरवगाथेत या बायकांना जागा नाही, कारण त्यांच्या आठवणीत गावही निर्दोष राहत नाही. बाईंनी तिथे प्रश्नावली बाजूला ठेवली आणि मजुरीवरून सुरुवात केली.

दप्तरात बायका का नाहीत, याचं कारण पेन्शनच्या नियमांत उघड दिसतं. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १९७२ला सुरू झाली, १९८०ला तिची व्याप्ती वाढली. तुरुंगवासाची अट सहा महिने, स्त्रियांना सवलत देऊन तीन महिने. भूमिगत असाल तर वॉरंटचा किंवा तसला तेव्हाचा कागद, नाहीतर नामवंत सहकाऱ्याचं प्रमाणपत्र. सरहद्दीवरचे कॅम्पही पुढे मान्य झाले. सवलत देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण जिने तेरा महिने दळलं, पोचवलं, लपवलं, ती तुरुंगात गेली नाही म्हणूनच तर काम चाललं! तिच्या नावाचं वॉरंट कुठून येणार? पुढे नवरा वारला की पेन्शन तिच्याकडे आली ती स्वातंत्र्यसैनिकाची विधवा म्हणून. मराठवाड्यातल्याच बीडमध्ये खोट्या कागदांवर स्वातंत्र्यसैनिक झालेल्यांची प्रकरणं निघाली, न्यायमूर्ती पालकर आयोग बसला. कागद नव्हता तो काम केलेल्या बायकांकडे, आणि काम न केलेल्यांनी कागद तयार करून घेतले, याचा मला मनापासून संताप येतो.

दगडाबाई शेळके सगळ्यांना माहीत आहेत. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या, घोड्यावर बसणाऱ्या, हातबॉम्ब पोचवणाऱ्या. आशाताई वाघमाऱ्यांचं नावही निघतं. त्यांचं मोठेपण निर्विवाद आहे. पण पुरुषांसारखं हत्यार हाती घेतलं तरच बाईची नोंद होणार असेल, तर नोंदीची मोजपट्टीच बदलायला हवी.

सगळ्यात अवघड मुलाखती १७ सप्टेंबरनंतरच्या. मराठवाड्यात तो मुक्तीचा दिवस आहे आणि तो तसाच साजरा व्हावा. मात्र त्यानंतरच्या दिवसांत संस्थानभर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फिरून अहवाल दिला. सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली असा तिचा अंदाज होता, आणि बायकांवरचे अत्याचार, त्यांना पळवून नेणं, त्यांनी विहिरी जवळ करणं हेही तिने नोंदवलं. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. एका गावी आम्ही एका मुसलमान आजींकडे बसलो होतो. रजाकारीबद्दल त्या मोकळेपणी बोलल्या: गावातल्या हिंदू मैत्रिणी, एकत्र दळलेली दळणं, रझाकारात गेलेल्या चुलत्यावर चिडलेली आई. ‘‘फिर ॲक्शन हुआ,’’ म्हणाल्या आणि हाताने फोन दाखवला. बाईंनी रेकॉर्डिंग बंद केलं. त्यानंतर त्या जे बोलल्या ते त्यांच्या परवानगीशिवाय कुठेही येणार नाही, इथेही नाही. वहीत फक्त ‘मुलाखत थांबवली’ एवढी नोंद आहे. अभ्यासकाचं हेही काम आहे, आणि बाई ते विद्यार्थ्यांना सगळ्यांत आधी शिकवतात.

याच संस्थानातल्या तेलंगणात स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या कहाण्या गोळा करून १९८६ला तेलुगूत पुस्तक काढलं. तेव्हा त्या बायका साठीच्या आसपास होत्या, काही त्याहून तरुण. त्याच वेळी मराठवाड्यात असं काम नेटाने झालं असतं तर ती सासू आणि ती जाऊ स्वतः बोलू शकल्या असत्या. आज हाती लागतात त्या तेव्हाच्या परकरी पोरी, आणि त्याही झपाट्याने कमी होताहेत. यादीतल्या गावी फोन करावा तर ‘‘गेल्या पंधरवड्यात गेली,’’ असं कानावर येतं.

म्हणून सुट्ट्यांची वाट न पाहता आता रविवारी जायचं ठरलं आहे. कळमनुरी तालुक्यातली पैनगंगेकाठची गावं आधी घ्यायची. तिथल्यासाठी प्रश्न बदलले आहेत: उतार कुठं होता, पाणी कमरेला लागायचं की गळ्याला, पलीकडे जाताना डोक्यावर काय असायचं आणि परत येताना काय. विद्यार्थ्यांपैकी दोन मुली त्याच गावांतल्या आहेत. पहिली मुलाखत एकीच्या पणजीची.